जुन्या फियाटला ट्यूबचे टायर घ्यायचे की ट्यूबलेस? आधी डिस्क उतरवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी घरात आहे, डिस्क (टायर ज्यावर चढतो ती लोखंडी चाकं) मूळच्या आहेत, टायरवर नक्षी भरपूर आहे पण रबराला बारीक चिरा पडल्या आहेत. गाडी एरवी ठाण्यातच फिरते, वर्षातून काही वेळा चिपळूणला जाते. पाचही टायर बदलायचे आहेत आणि तीन माणसांनी तीन सल्ले दिले. पहिला टायरवाला म्हणतो, ‘ट्यूबलेस घ्या, डिस्कला व्हॉल्व्ह बसवून देतो, ट्यूबची कटकटच नको.’ दुसरा म्हणतो, ‘ट्यूबलेस घ्या, पण आत ट्यूब टाकू.’ काका म्हणतात, ‘फियाटला नायलॉनच. कंपनीने दिले तेच घाल.’

तिघांचंही म्हणणं कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर आहे. तुमच्या गाडीसाठी कुठलं बरोबर, हे मात्र तिघांपैकी कोणालाच अजून माहीत नाही, कारण एकानेही टायर उतरवून डिस्क आतून पाहिलेली नाही. ट्यूब की ट्यूबलेस हा प्रश्न लोक टायरचा समजतात. तो डिस्कचा आहे. डिस्क काय आहे ते कळलं की टायरचं उत्तर आपोआप ठरतं, आणि डिस्क न बघता दिलेला सल्ला कितीही अनुभवी माणसाचा असला तरी अंदाजच असतो.

आधी दोन्हींत हवा कशी राहते ते बघू. ट्यूबच्या टायरमध्ये हवा ट्यूब धरते; टायर आणि डिस्क फक्त त्या ट्यूबला आकार आणि आधार देतात. डिस्कला बारीक भोक असलं, वेल्डिंगमधून हवा झिरपत असली, कडेला गंज असला, तरी हवा जात नाही. ट्यूबलेसमध्ये हे काम दोघांत वाटलेलं असतं. टायरच्या आतल्या बाजूला ब्युटिल जातीच्या रबराचा अखंड थर असतो, तो रबरातून हवा जाऊ देत नाही. आणि टायरची बीड, म्हणजे आत तार असलेली जाड कड, डिस्कच्या बैठकीवर घट्ट बसून उरलेली वाट बंद करते. म्हणजे ट्यूबलेस टायर लावला की डिस्क ही हवेच्या टाकीची अर्धी भिंत झाली. चाळीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या डिस्ककडून ती कधी टाकीचं काम करेल अशी कोणी अपेक्षाच ठेवलेली नव्हती.

याचं कारण गाडीच्या वयापेक्षाही जुनं आहे. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, पण गाडी मुळात फियाट ११०० डी, आणि तिचं घराणं इटलीत १९५३ साली आलेल्या ११००/१०३ पर्यंत मागे जातं. अमेरिकेत बीएफ गुडरिचने ट्यूबलेस टायर १९४७ सालीच जाहीर केला होता, पण छोट्या युरोपियन गाड्या पुढे बरीच वर्षं ट्यूबवरच धावल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या थेट या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडत राहिल्या तरी चाकाचा मूळ आराखडा त्या जुन्या काळातलाच राहिला: ५.२०-१४ मापाचा अरुंद, उंच टायर आणि आत ट्यूब.

आता डिस्कमध्ये काय बघायचं ते सांगतो. इथे थोडा वेळ काढून वाचा, कारण सगळा निर्णय इथेच आहे.

एक चाक उतरवा, टायर काढायला लावा आणि रिकामी डिस्क उजेडात आडवी धरा. कडेच्या उभ्या ओठापासून आत बोट फिरवा. आधी एक सपाटसर, किंचित उतरती पट्टी लागते. ही बीडची बैठक. तिथून पुढे मधली खोल खाच सुरू होते, जिच्यात बीड दाबून टायर चढवतात-उतरवतात. आधुनिक डिस्कवर या बैठकीच्या आणि खाचेच्या मध्ये, पूर्ण गोलाईभर, एक बुटका उंचवटा असतो. त्याला हंप म्हणतात. बोटाला तो स्पष्ट जाणवतो. शंका वाटली तर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा, पट्टी उंचवट्यावर टेकून डुगडुगते. डिस्कवर ठोकलेल्या आकड्यांत ‘जे’ (J) या अक्षरानंतर शेवटी एच (H) किंवा एच २ (H2) असेल तर हंप आहे असं समजा. एच म्हणजे एका बाजूला, एच २ म्हणजे दोन्ही बाजूंना.

हंप नसलेली डिस्क हवा धरतच नाही असं नाही, आणि टायरवाले नेमका हाच पुरावा दाखवतात. पूर्ण हवा असताना आतला दाब बीडला बैठकीवर बाहेरच्या बाजूला रेटून धरतो, त्यामुळे हंप असो-नसो, चाक महिनोन्‌महिने ठीक चालेल. खरी परीक्षा हवा कमी झाल्यावर होते. खिळा लागून दाब अर्ध्यावर आला आहे, तुम्हाला ते कळलेलं नाही आणि कुंभार्ली घाटाच्या वळणावर गाडीचं सगळं वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर आलं आहे. त्या क्षणी रस्ता टायरला आडवं ढकलतो आणि बीड खाचेच्या दिशेने सरकू पाहते. हंप तिला तिथेच अडवतो. हंप नसेल तर बीड खाचेत उतरते आणि उरलेली सगळी हवा एका झटक्यात जाते. म्हणून ‘माझ्या गाडीला दोन वर्षं लावलेत, काही झालं नाही’ हे ऐकून निर्णय घेऊ नका. त्या दोन वर्षांत तसा प्रसंग आला नाही, एवढंच त्यातून कळतं.

पद्मिनीच्या जुन्या मूळ डिस्कवर हंप सहसा आढळत नाही. पण एवढ्या वर्षांत गाडीला कुठल्या कुठल्या डिस्क लागल्या असतील, एखादी बदललेली असेल, स्टेपनी वेगळीच असेल. म्हणून पाचही डिस्क उतरवून बघायच्या, एक बघून चारांचा अंदाज करायचा नाही.

हंपनंतर गंज. ट्यूबच्या चाकात पावसाचं पाणी व्हॉल्व्हच्या भोकातून आत शिरतं आणि ट्यूब व डिस्क यांच्यामध्ये साचून राहतं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ते लवकर सुकत नाही. बाहेरून चकचकीत रंगवलेली डिस्क आतून पापुद्रे सुटलेली निघते, ती यामुळे. तारेच्या ब्रशने बैठक घासून काढा. वरवरचा तांबूस रंग निघून खाली गुळगुळीत लोखंड लागलं तर चिंता नाही. नखाला लागतील असे खड्डे असतील तर तिथे बीड कधीच हवाबंद बसणार नाही. अशा खड्ड्यांवर पुट्टी भरून रंग मारून देणारे भेटतात. बैठकीवर पुट्टी अजिबात चालवून घेऊ नका. टायर चढवताना ती तुटते आणि तुकडे बीडखाली अडकतात.

मग मधली तबकडी आणि बाहेरची रिम जिथे जोडली आहे ती जागा बघा. रिव्हेट असतील तर प्रत्येक रिव्हेट ही हवा झिरपण्याची शक्यता आहे. वेल्डिंग असेल तर त्याच्या कडेने आणि नटांच्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे का ते भिंगाने बघा. चीर गेलेली डिस्क वेल्डिंग करून परत वापरू नका, ना ट्यूबसाठी, ना ट्यूबलेससाठी. शेवटी डिस्क बॅलन्सिंगच्या मशीनवर टायरशिवाय फिरवून घ्या. ओठ कुठे आत-बाहेर जातोय ते लगेच दिसतं. खड्ड्यांनी वाकलेला ओठ ट्यूबच्या टायरला थोडाफार चालतो, ट्यूबलेसला नाही.

यातून तुमच्या पाचही डिस्क पास झाल्या, म्हणजे हंप आहे, बैठक गुळगुळीत आहे, चीर नाही, झिरप नाही, तर ट्यूबलेस लावा आणि आत ट्यूब टाकू नका. एकही गोष्ट नापास झाली तर ट्यूब (चीर असेल तर मात्र डिस्कच बदला). मधला मार्ग एकच आहे: हंप असलेल्या दुसऱ्या डिस्क आणणं. त्यासाठी बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक आणि ऑफसेट (डिस्क किती आत-बाहेर बसते ते) तिन्ही जुळले पाहिजेत. ‘थोडं घासून बसवतो’ असं कोणी म्हटलं तर तिथून गाडी बाहेर काढा. नट चार असले तरी वर्तुळ काही मिलिमीटरने वेगळं असतं आणि नट तिरके आवळले जातात.

ट्यूबलेसचा फायदा मी कमी लेखत नाही. तो खरा आहे आणि तो सोयीपेक्षा सुरक्षिततेचा आहे. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला की रबर खिळ्याला आवळून धरतं आणि हवा हळूहळू उतरते. ट्यूबमध्ये खिळा लागला की हवा ट्यूबमधून बाहेर येऊन व्हॉल्व्हच्या भोकातून आणि बीडच्या कडेने काही क्षणांत निघून जाते. त्यात ट्यूब फाटली तर आणखीच लवकर. शिवाय आत ट्यूब घासत नसल्याने टायर थोडा थंड चालतो. ज्याला डिस्कची अडचण नाही त्याने ट्यूबलेस सोडून दुसरं काही घेऊ नये, असंच मी सांगतो. पण हा सगळा फायदा बीड जागेवर राहील या गृहीतावर उभा आहे.

आता दुसऱ्या टायरवाल्याचा सल्ला: ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब. याला पुष्कळ लोक नाकं मुरडतात, पण जुन्या हंप नसलेल्या डिस्कसाठी हा मान्य उपाय आहे. आज छोट्या मापाचे रेडियल (ज्यांत दोऱ्या एका बीडपासून दुसरीपर्यंत सरळ आडव्या जातात ते टायर) बहुतेक ट्यूबलेसच येतात, त्यामुळे रेडियल हवा असेल तर दुसरा पर्यायही फारसा नसतो. मात्र तो नीट करावा लागतो आणि आपल्याकडे नेमका तिथेच घोळ होतो.

पहिली गोष्ट ट्यूब. ती टायरच्याच मापाची हवी आणि तिच्यावर रेडियलसाठी चालते असं छापलेलं हवं. रेडियलची बाजूची भिंत नायलॉन टायरपेक्षा कितीतरी जास्त लवचिक असते, प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते. साधी ट्यूब त्या हालचालीत सांध्यावर फाटते. मोठी ट्यूब घातली तर आत घडी पडते आणि त्या घडीवर चिरते. लहान घातली तर ताणून पातळ होते. ब्युटिलची ट्यूब मागा. ती हवा नैसर्गिक रबराच्या ट्यूबपेक्षा बरीच जास्त काळ धरते. दुकानात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेली ट्यूब हातात घेऊन घडीच्या जागा ताणून बघा. बारीक चिरा दिसल्या तर परत द्या.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हचं भोक. गाड्यांच्या डिस्कवर दोन मापं चालतात, एक साधारण साडेअकरा मिलिमीटरचं आणि एक सोळाच्या आसपासचं. ट्यूबचा टीआर १३ व्हॉल्व्ह लहान भोकाचा आणि टीआर १५ मोठ्या भोकाचा. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो आत डुलत राहतो, डिस्कच्या धारेवर घासतो आणि मुळाशी कापला जातो. अशी कापलेली ट्यूब दुरुस्त होत नाही. ट्यूबलेसच्या दाबून बसवायच्या व्हॉल्व्हलाही हाच हिशोब, तिथे टीआर ४१३ आणि टीआर ४१५ हे आकडे बघा. व्हर्नियरने भोक मोजायला अर्धा मिनिट लागतो, तो सगळ्यात आधी काढा.

तिसरी गोष्ट टायरची आतली बाजू. ट्यूब आत जाणार हे धरून हा टायर बनवलेला नसतो, त्यामुळे आत कधी बारीक उभ्या रेघा असतात, कधी कागदी स्टिकर चिकटवलेला असतो. रेघा ठळक असतील तर तो टायर ट्यूबसाठी नको. स्टिकर पूर्ण सोलून काढायचा, कारण त्याची कड हजारो किलोमीटर ट्यूबला घासत राहते. मग आतून हात फिरवून टॅल्क पावडर लावायची. अगदी पातळ, मूठभर ओतायची नाही. उंची कमी असलेल्या टायरमध्ये, म्हणजे भागाकाराच्या रेघेनंतरचा आकडा ७० पेक्षा लहान असेल तर, मी ट्यूब टाकत नाही. बाजूची भिंत बुटकी असली की ट्यूबला नीट पसरायला जागा राहत नाही.

बसवताना तिथे उभे राहा आणि एवढं करून घ्या. ट्यूबमध्ये जेमतेम गोल होईल इतकी हवा भरून मगच ती टायरमध्ये ठेवायची, म्हणजे पीळ पडत नाही. शेवटची कड चढवताना टॉमी (टायर चढवायची लोखंडी पट्टी) ट्यूबला टोचत नाही ना ते बघायचं. मशीन असेल तर टॉमी नकोच. व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर आला की हवा भरून दोन्ही बाजूंची बीड बसू द्यायची. यासाठी ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. बीड बसत नसेल तर साबणाचं पाणी लावून पुन्हा प्रयत्न करायचा, जास्त हवा भरायची नाही. बीड बसल्यावर व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडून द्यायची आणि पिन लावून पुन्हा भरायची. बहुतेक ठिकाणी हे कोणी करत नाही, सांगितलं तर वेळ वाया जातो म्हणतात. पण पहिल्यांदा हवा भरताना ट्यूब कुठेतरी टायरला चिकटते आणि उरलेला भाग ताणला जातो. हवा सोडली की ती सैल होऊन जागच्या जागी पसरते. ट्यूब आणि टायरमध्ये अडकलेली हवाही निघून जाते.

यानंतर एक सवय लावून घ्या: चाकांकडे बघताना व्हॉल्व्ह सरळ आहे का ते बघा. हवा कमी असताना ब्रेक लागले की टायर डिस्कवर किंचित सरकतो, ट्यूबला बरोबर ओढतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. तिरका व्हॉल्व्ह दिसला की त्याच दिवशी हवा काढून सरळ करून घ्या.

आता माप. ५.२०-१४ म्हणजे ५.२० इंच, सुमारे १३२ मिलिमीटर रुंदीचा टायर. त्या काळच्या टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असायची, त्यामुळे चाकाचा पूर्ण व्यास ६०५ मिलिमीटरच्या आसपास येतो. १५५/८० आर १४ चा (१५५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ इंची डिस्क) व्यास ६०४ येतो, म्हणजे जवळपास तोच. १४५/८० आर १४ चा ५८८, तीन टक्के लहान, चालण्यासारखा. टायरवाला जे सहज उपलब्ध म्हणून पुढे करतो ते बहुधा दुसरंच असतं: वॅगनआरचा १५५/६५ आर १४ किंवा स्विफ्ट-डिझायरचा १६५/८० आर १४. पहिल्याचा व्यास ५५७. गाडी जवळजवळ अडीच सेंटिमीटर खाली बसते, स्पीडोमीटर आठ-नऊ टक्के जास्त वेग दाखवतो आणि इंजिन तेवढंच जास्त फिरतं. ६५ उंचीचा असल्याने त्यात ट्यूबही नको. दुसऱ्याचा व्यास ६२०, तो चालला असता, पण त्याला रिम निदान चार इंच रुंद लागते.

म्हणून डिस्कची रुंदी मोजा. ओठांच्या बाहेरून नाही, दोन्ही ओठांच्या आतल्या भिंतींमध्ये. साडेतीन इंच निघाली तर १४५ वर थांबा. ब्रिटिश मिनीच्या साडेतीन इंची रिमवर १४५ चे रेडियल कारखान्यातूनच येत असत, तेव्हा ही जोडी तपासलेली आहे. चार किंवा जास्त निघाली तर १५५ घ्या. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की बाजूची भिंत फुग्यासारखी बाहेर येते, टायर मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. वजनाची चिंता इथे नाही. टायरवर ७५ हा लोड इंडेक्स असेल तर एक टायर ३८७ किलो पेलतो आणि पद्मिनी माणसांसकट चारही टायर मिळून पेलतात त्याच्या बरीच आत राहते.

काकांच्या नायलॉनबद्दल. नायलॉन म्हणजे क्रॉसप्लाय, ज्यात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके जातात. गाडी त्यावरच आखलेली होती. पॉवर स्टिअरिंग नसताना उभ्या गाडीचं चाक वळवायला क्रॉसप्लाय हलका पडतो, आणि मूळ रूपात ठेवलेल्या फियाटला तो उंच, अरुंद टायर शोभतो हेही खरं. गाडी रविवारी आणि प्रदर्शनालाच निघत असती तर मी काकांच्या बाजूने गेलो असतो. पण तुम्ही ओल्या रस्त्यावरून कोकणात जाता. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला पावसात जी पकड लागते ती रेडियल जास्त चांगली देतो, कारण वळणावरही त्याचा तळ रस्त्याला सपाट टेकलेला राहतो. नायलॉनला रात्रभर उभं राहून सपाट डागही पडतात. सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड जाणवते ती त्यामुळे, टायर गरम झाला की जाते. रेडियल लावल्यावर स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड लागेल. स्टिअरिंगचे जोड, किंगपिन, बुश आधी तपासून घ्या, कारण सैल झालेल्या जोडांतली ढिलाई रेडियलवर लगेच उघडी पडते.

आणि काहीही झालं तरी दोन जाती एकत्र नकोत. एका अ‍ॅक्सलवर तर नाहीच. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडी सगळ्यात वाईट: पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि गाडी वळणात शेपूट फिरवते. स्टेपनीही याच हिशोबात धरा. जुनी नायलॉनची स्टेपनी ठेवून चार रेडियल घेतले तर पहिल्याच पंक्चरला ही जोडी तयार होते. म्हणून टायर पाच घ्यायचे.

घेताना टायरच्या बाजूवर लंबगोलात असलेला चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तीन आकडीच असेल तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, तो कितीही नवा दिसला तरी हात लावू नका. जुन्या मापांत हा धोका जास्त, कारण माल दुकानात पडून राहिलेला असतो. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून नाही, वयाने जातो. तुमच्या आताच्या टायरचं तेच झालं आहे. सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासायचा, दहा वर्षांनी नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढायचा.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी माझं मत: डिस्क पाचही उतरवून ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढून) घ्या, बघा, मोजा, आणि प्रायमर-रंग द्या. नटांच्या तिरक्या बैठकीवर रंगाचा जाड थर बसू देऊ नका, तो दबला की नट ढिले होतात. हंप नाही असं निघालं, आणि तेच निघेल अशी माझी अपेक्षा आहे, तर रुंदीप्रमाणे १४५ किंवा १५५ चे पाच नवे रेडियल आणि पाच नव्या रेडियल ट्यूब. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नका; ती फुगून वाढलेली असते आणि आत घडी पडते. हंप निघाला तर तेच टायर ट्यूबशिवाय, नव्या व्हॉल्व्हसह.

ट्यूबलेस बसले तर गाडीला लावण्याआधी चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बीड, व्हॉल्व्ह आणि डिस्कचा मधला जोड तिन्ही ठिकाणी बुडबुडे येतात का ते बघा. मग सकाळी थंड असताना हवा मोजून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मोजा. दुपारी मोजू नका, पाच-सहा अंश तापमान वाढलं तरी काटा एक पीएसआय वर जातो. चांगल्या चाकातून महिन्याला एक-दोन पीएसआय जाणं साहजिक आहे. एका दिवसात तेवढी गेली तर त्या चाकात ट्यूब टाका. आत जेल ओतून झिरप थांबवायला जाऊ नका, ते बॅलन्सिंग बिघडवतं आणि पुढचं पंक्चर काढणाऱ्याला आत काही दिसू देत नाही.

हवेचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं आहे ते नायलॉनचं. रेडियलला थोडी जास्त लागते. २६ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करा आणि महिन्याभराने नक्षीची झीज बघून ठरवा. कडा झिजत असतील तर हवा वाढवा, मधोमध झिजत असेल तर कमी करा. नट पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा.

प्रवासाचं सामान दोन्हींत वेगळं. ट्यूबलेस असतील तर पंक्चरची स्ट्रिप आणि छोटा पंप डिकीत ठेवा. स्ट्रिप घरी पोहोचण्यापुरती, परतल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात जाणारा दांडा असलेला पॅच) मारून घ्यायचा, तोही भोक तळाच्या नक्षीत असेल आणि सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तरच. बाजूच्या भिंतीला दुरुस्ती नाही. ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब पिशवीत, धारदार सामानापासून दूर ठेवा, कारण हायवेच्या दुकानात तुमच्या मापाची मिळणार नाही. आणि ट्यूबचं पंक्चर झाल्यावर कोणी टायरच्या बाहेरून स्ट्रिप मारू लागला तर थांबवा. टायर उतरवायचा, खिळा टायरमधून काढायचा, आतून हात फिरवून दुसरं काही टोचत नाही ना ते बघायचं आणि मगच ट्यूब परत घालायची.